नाव घालायला जाताना

प्रश्न: पाळी चुकून दहा दिवस झाले, घरच्या किटवर दोन रेघा आल्या. सासूबाई म्हणतात, तिसरा महिना भरल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढायची नाही. नाव कधी घालावं आणि पहिल्या दिवशी नेमकं काय करतात?
– एक वाचक, कराड

उत्तर: बातमी हवी तर तीन महिने घरातच ठेवा, दवाखाना मात्र लांबवू नका. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान जा. सरकारी दवाखान्यातही 12 आठवड्यांच्या आत नोंदणी व्हावी असाच आग्रह असतो. आशाताईंना कळवलंत की त्या नोंद करून देतात आणि माता व बाल संरक्षण कार्ड मिळतं.

पहिला प्रश्न असतो शेवटच्या पाळीचा, आणि घोळ होतो तो तिथेच. बऱ्याचजणी पाळी चुकल्याची तारीख सांगतात. डॉक्टरांना हवा असतो शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. समजा पाळी 3 ऑगस्टला आली होती. त्यात सात दिवस आणि नऊ महिने मिळवले की 10 मे ही बाळंतपणाची अंदाजे तारीख निघते. त्याऐवजी ‘31 ऑगस्टला चुकली’ एवढंच सांगितलंत आणि तीच तारीख फाइलवर चढली, तर हिशेब चार आठवड्यांनी पुढे सरकतो. मग 11 ते 13 आठवडे 6 दिवस एवढ्याच अवधीत करायची एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागची जाडी मोजतात ती) हुकू शकते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेला गोल केला असेल, तर त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून न्या. पाळी अनियमित असेल तर तेही सांगा, म्हणजे सोनोग्राफीत गर्भाची लांबी मोजून दिवस ठरवतात.

सोबत काय न्यायचं? जुने रिपोर्ट, रक्तगटाचं कार्ड आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. काढे, चूर्णं, मुरमांच्या गोळ्यासुद्धा. थायरॉइडची किंवा फिटची गोळी ‘बाळाला नको’ म्हणून मनानेच बंद करू नका. त्याने धोका वाढतो.

तिथे वजन, उंची आणि रक्तदाब बघतात. जिने चढून आल्या आल्या रक्तदाब मोजला तर जास्त भरतो, म्हणून आधी पाच मिनिटं बसा. लघवी तपासतात. रक्तात हिमोग्लोबिन (11 च्या खाली म्हणजे पंडुरोग), रक्तगट, साखर, एचआयव्ही, कावीळ बी आणि गुप्तरोगाची तपासणी होते. बऱ्याच ठिकाणी थायरॉइडही बघतात. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलची चाचणी आवर्जून करून घ्या.

साखरेसाठी 75 ग्रॅम ग्लुकोज ग्लासभर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायला देतात. उपाशी असायलाच हवं असं नाही. दोन तासांनी रक्त घेतात आणि 140 किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. उमासे येत असतील तर घोट घोट प्या. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते, हे तिथल्या नर्सबाईंना सांगायला संकोचू नका. न सांगता आलेला रिपोर्ट ‘नॉर्मल’ दिसतो, पण खरा नसतो.

फॉलिक ॲसिडसाठी भेटीची वाट बघायची गरज नाही. रोज 400 मायक्रोग्रॅम, 12 आठवड्यांपर्यंत. दुकानात बऱ्याचदा 5 मिलिग्रॅमची गोळी हातात ठेवतात, ती बारापट जोराची असते. तेवढी कुणाला लागते ते डॉक्टर ठरवतील. लोहाच्या गोळ्या सहसा चौथ्या महिन्यापासून देतात. त्या कॅल्शियमसोबत किंवा चहावर घेऊ नयेत, कारण लोह अंगी लागत नाही.

प्रश्न: सोनोग्राफीत पिशवी दिसली, ठोके नाहीत. ‘दोन आठवड्यांनी या’ म्हणाले. गर्भ वाढत नाहीये का?
– एक वाचक, चंद्रपूर

उत्तर: एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. ठोके साधारण सहा ते सात आठवड्यांच्या सुमारास दिसू लागतात आणि दिवस उशिरा राहिले असतील तर आणखी पुढे. एका सोनोग्राफीवरून निकाल लावू नये म्हणूनच मुदत देतात. मात्र रक्तस्राव, ओटीपोटात एका बाजूला जोराचं दुखणं किंवा चक्कर येऊन पडणं, यांतलं काहीही झालं तर दोन आठवडे थांबायचं नाही. गर्भ नळीत असू शकतो. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा, वाहन नसेल तर 108.

लवकरची सोनोग्राफी बहुधा योनीमार्गे करतात, तेव्हा लघवीला जाऊन यायचं असतं. पोटावरून करणार असतील तर मूत्राशय भरलेलं लागतं. दोन बाटल्या पाणी पिऊन तळमळत बसण्यापेक्षा आधी फोन करून विचारा.

प्रश्न: लग्नाआधी एकदा गर्भपात करवला होता. सासूबाई सोबत येणार आहेत. डॉक्टरांपासून लपवलं तर चालेल?
– नाव नको, पुणे

उत्तर: डॉक्टरांपासून लपवू नका. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल आणि त्या वेळी अँटी-डीचं इंजेक्शन घेतलं नसेल, तर रक्तात प्रतिपिंडं (बाळाच्या रक्तपेशींवर हल्ला करणारे घटक) तयार झालेली असू शकतात. त्यासाठी वेगळी चाचणी लागते. पिशवी साफ केली असेल तर पुढे वार कुठे बसली आहे हेही जरा बारकाईने बघतात.

सांगायची जागा म्हणजे तपासणीचा पडदा. पोट तपासायला आत घेतात तेव्हा सासूबाई बाहेर असतात. आणि एक गोष्ट तिथेच मागून घ्या: फाइलवर ‘जी 2 ए 1’ अशी खूण लिहायची पद्धत आहे, म्हणजे दुसरं गरोदरपण, एक गर्भपात. घरात कुणी नर्स किंवा औषधवाला असेल तर त्याला ती वाचता येते. ‘घरी नेणाऱ्या कार्डावर लिहू नका, तुमच्या नोंदीत ठेवा’ असं स्पष्ट सांगा. गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांनी त्या स्त्रीचं नाव उघड करणं 2021 च्या कायदादुरुस्तीने गुन्हा ठरलं आहे.

प्रश्न: सोनोग्राफीला आधार कार्ड आणि सही कशाला?
– एक वाचक, बार्शी

उत्तर: गर्भलिंगनिदानबंदी कायद्यासाठी. प्रत्येक गरोदर स्त्रीचा ‘एफ’ फॉर्म भरावा लागतो आणि ‘मला लिंग जाणून घ्यायचं नाही’ यावर तुमची सही असते. देशाचा कायदा 1994 चा, महाराष्ट्राने स्वतःचा त्याआधी 1988 मध्येच केला होता. पत्ता कार्डावर आहे तोच सांगा. माहेरचा एक आणि सासरचा दुसरा असा गोंधळ झाला की फॉर्म पुन्हा भरावा लागतो आणि रांगेत नंबर मागे जातो.