फाटे नेमके कोणी फोडले?

ताई, बरीच वर्षं मी एका महिला समुपदेशन केंद्रात काम करते. पोलीस ठाण्यापासून कोर्टापर्यंत बायकांच्या सोबत जाते. कॉलेजांत, कंपन्यांत जाऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा, विशाखा निकालापासूनचा सगळा कायदा शिकवते. गेल्या वर्षी आमच्याकडे बौद्ध वस्तीतली एक हुशार मुलगी कामाला आली. धाकट्या बहिणीसारखं तिला शिकवलं. मागच्या महिन्यात आम्ही सतरा वर्षांच्या एका मुलीची फिर्याद द्यायला गेलो. आरोपी गावातल्या बागायतदाराचा मुलगा. मुलीची आई त्यांच्याच मळ्यात मजुरीला जायची, आता तिला बोलावत नाहीत. आई ठाणे अंमलदाराला जातीचं सांगायला लागली, तेव्हा केस भरकटू नये म्हणून मी हळूच म्हटलं, फाटे फोडू नका. पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, लागलाच होता. नंतर बैठकीत ही धाकटी सहकारी सगळ्यांसमोर मला म्हणाली, केबिनमध्ये कोण बसतं आणि वस्तीत कोण फिरतं ते एकदा बघा. मी जात मानत नाही, ताई. आमच्या घरी सगळ्या जातींची माणसं जेवून जातात. ती आता माझ्याशी बोलत नाही. हे नातं कसं सावरू?
– एक दुखावलेली कार्यकर्ती

(पत्र आटोपशीर केलं आहे.)

तुमचं मूळ पत्र चांगलं लांबलचक आहे आणि त्यात जिकडेतिकडे ही सहकारी आहे. आई येते ती जेमतेम चार वाक्यांत. मला त्या आईबद्दलच बोलायचं आहे.

ती बाई मुलीला घेऊन ठाण्याची पायरी चढली. पोरीवर कोणी हात टाकला आणि काय हिमतीवर टाकला, हे ती सांगायला लागली. तिची केस तिला तुमच्याहून बरी कळली होती. आणि तिला गप्प कोणी केलं? ठाणे अंमलदाराला तर तसदीच पडली नाही. ते काम तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या तुम्ही केलंत.

तुम्ही ज्याला फाटा म्हणालात, तो १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, आपण रोज बोलतो ती अ‍ॅट्रॉसिटी. ती लागली असती तर तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला असता. आरोपीला अटकपूर्व जामिनाची वाट सहसा बंद झाली असती. जामिनाच्या सुनावणीत मुलीची बाजू ऐकून घ्यावी लागली असती. सरकारी अर्थसाहाय्याची अर्धी रक्कम वैद्यकीय तपासणीचा अहवाल आला की देय होते. मजुरी बंद झालेल्या घराला त्याचा अर्थ काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. जातीच्या कारणावरूनच अत्याचार झाला हे सिद्ध करत बसावं लागेल, अशी तुमची भीती असेल तर ती जुनी आहे. २६ जानेवारी २०१६ पासून सुधारित कायदा लागू आहे. एवढ्या गंभीर गुन्ह्यात मुलीची जात आरोपीला ठाऊक होती, इतकं पुरतं. आणि तो कुटुंबाला ओळखत असेल, तर ठाऊक होती असं न्यायालय धरूनच चालतं. नव्हती हे त्यानं सिद्ध करायचं. ज्यांच्या मळ्यात आई राबली, त्या घरच्या पोराला तिची जात माहीत नव्हती म्हणता?

‘आता तिला बोलावत नाहीत’ हेही तुम्ही जाता जाता लिहून गेलात. अहो, हा आर्थिक बहिष्कार असू शकतो, आणि याच कायद्यात तो वेगळा गुन्हा आहे.

विशाखा शिकवता ना? मग ते प्रकरण जिच्यामुळे उभं राहिलं त्या भंवरीदेवीची जातही सांगता का? राजस्थानातल्या भटेरीची ती कुंभार बाई, सरकारच्याच योजनेत साथीन, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती. बालविवाहाला आडवी गेली म्हणून १९९२ मध्ये गावातल्या वरचढ जातींच्या पुरुषांनी तिच्यावर सामूहिक बलात्कार केला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टानं बलात्काराच्या आरोपातून सगळ्यांना सोडलं. उच्च जातीचा पुरुष खालच्या जातीच्या बाईला शिवणार नाही, असा तर्क त्या निकालात होता. तिकडे कशाला, आपल्या भंडारा जिल्ह्यात २००६ साली खैरलांजीचं दलित कुटुंबाचं हत्याकांड घडलं. माणसं मारल्याबद्दल शिक्षा झाल्या, पण अ‍ॅट्रॉसिटी टिकली नाही आणि विनयभंगाचं कलमही नाही. जात वगळली की बाईवरच्या अत्याचाराची केस सोपी होते, हे तुम्हाला शिकवलं कोणी?

तुमच्या घरी कोण जेवून जातं, याच्याशी त्या आईला काय देणंघेणं?

आता एकच करा, आणि या आठवड्यात करा. त्या घरी जा. मुलीला आणि आईला समोर बसवून हा कायदा समजावून सांगा. ‘मी तुम्हाला चुकीचं सांगितलं’ हे वाक्य त्यात आलं पाहिजे, त्याला ‘तुमच्या भल्यासाठीच’ची शेपटी नको. मग त्या काय म्हणतात ते ऐका. गावात राहायचं त्यांना आहे, निर्णय त्यांचा. हो म्हणाल्या तर उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याकडे पुरवणी जबाबासाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मजुरी कधीपासून बंद झाली, निरोप कोणी आणला, हेही त्यात येऊ द्या. टाळाटाळ झाली तर थेट अधीक्षकांकडे जा. कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यालाही या कायद्यात शिक्षा आहे, याची तिथे आठवण करून द्या. जातीचा दाखला काढलेला नसेल तर त्या खेपा तुम्ही मारा.

सहकारीला यात ओढू नका. ‘चल, बघ मी काय करतेय’ असं तर मुळीच नको. अर्जाची प्रत केंद्राच्या फाइलला लावा, ती वाचेल तेव्हा वाचेल. तुमच्याशी बोलायचं की नाही हे तिचं तिला ठरवू द्या. आणि पुढच्या बैठकीत केबिनचा विषय पुन्हा निघाला, तर तिचं बोलणं पुरतं होईपर्यंत मध्ये तोंड घालू नका.