वाचक विचारतात : युनिट, किलोकॅलरी आणि बीटीयू

प्रश्न : आमचा गिझर 15 लिटरचा, 2000 वॅटचा आहे. रोज सकाळी तीन तास चालू असतो. म्हणजे दिवसाला 6 आणि महिन्याला 180 युनिटं. पण डिसेंबरचं अख्ख्या घराचं बिलच 160 युनिटांचं आलं. मीटर बिघडलाय का? (सातारा)

उत्तर : मीटर बहुधा ठीक आहे. गिझरचं बटण तीन तास चालू असलं तरी कॉइल तीन तास तापत नाही. पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो. म्हणून बटणाच्या तासांवरून हिशेब न करता पाण्यावरून करा.

एक लिटर पाणी एक अंश तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि विजेचं एक युनिट म्हणजे 860 किलोकॅलरी. हे दोन आकडे पाठ असले की पुरे. घरात चौघं आहेत आणि प्रत्येकाला 20 लिटरची एक बादली लागते असं धरू. नळाचं पाणी 18 अंशांचं, अंघोळीचं 40 अंशांचं. 80 लिटर गुणिले 22 अंश म्हणजे 1760 किलोकॅलरी. भागिले 860, म्हणजे दिवसाला दोन युनिटांहून किंचित जास्त. महिन्याला 61. टाकीच्या भिंतीतून जाणारी उष्णता धरून 65 म्हणा. उन्हाळ्यात नळाचं पाणीच 25 अंशांचं असेल तर 61 चा आकडा 42 वर येतो.

आता रुपये. एकूण बिलाला युनिटांनी भागून दर काढू नका. त्यात स्थिर आकारही येतो आणि तो गिझर बंद ठेवला तरी भरावाच लागतो. तुमच्या 160 मधून 65 वजा केले तर 95 उरतात. म्हणजे गिझरची जवळजवळ सगळी युनिटं 101 ते 300 च्या महागड्या टप्प्यात पडतात. त्या टप्प्याचा वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन यांची बेरीज करा आणि तिच्यावर 16 टक्के वीज शुल्क चढवा. बेरीज 12 रुपये आली असं समजू, शुल्कासह 13.92. गिझरचा खर्च सुमारे 900 रुपये.

मीटरबद्दल शंका उरलीच, तर घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त गिझर लावा आणि मीटरवरच्या लाल दिव्याची उघडझाप एक मिनिट मोजा. एका युनिटाला किती वेळा ते मीटरवरच छापलेलं असतं. 3200 असेल तर 2000 वॅटला मिनिटाला साधारण 107 वेळा. व्होल्टेज 200 पर्यंत घसरलं असेल तर कॉइल 1500 वॅटच देते आणि उघडझाप 80 च्या आसपास येते. मग पाणी तापायला वेळ जास्त लागतो, युनिटं जवळपास तेवढीच. कॉइलवर क्षार साचल्यानं बिल वाढतं हा समजही फारसा खरा नाही. उष्णता शेवटी पाण्यातच जाते. फक्त कॉइल आतून जास्त तापून लवकर जळते.

प्रश्न : सिलिंडर परवडतो की इंडक्शन? (डोंबिवली)

उत्तर : एक किलो एलपीजीत सुमारे 11,000 किलोकॅलरी असतात. 14.2 किलोचा सिलिंडर म्हणजे जवळपास 1,56,000 किलोकॅलरी, अर्थात 181 युनिटं. चांगल्या बर्नरवर त्यातली 68 टक्के भांड्यात उतरते : 123 युनिटं. इंडक्शनवर साधारण 85 टक्के उतरते, म्हणून तेवढ्याच स्वयंपाकाला 145 युनिटं लागतील. सिलिंडरच्या किमतीला 145 नं भागा. उत्तर तुमच्या शेवटच्या टप्प्याच्या दरापेक्षा कमी आलं तर गॅस स्वस्त. किंमत 900 धरली तर 6.20 रुपये, म्हणजे वरच्या सातारकरांच्या दरानं इंडक्शन दुपटीहून महाग.

पण 68 टक्के हे रुंद बुडाच्या भांड्याला. चहाच्या छोट्या पातेल्याबाहेर ज्योत आली, खिडकीचा वारा लागला किंवा ज्योत पिवळी झाली की हिशेब गॅसच्या विरुद्ध सरकतो. बर्नरची भोकं पिन घालून साफ करा, आधी तेच.

प्रश्न : दीड टनाच्या एसीवर 18,000 बीटीयू लिहिलंय. 3412 बीटीयूचं एक युनिट, म्हणजे तासाला सव्वापाच युनिटं जळतात? (नागपूर)

उत्तर : भागाकार बरोबर, अर्थ चुकला. बीटीयू हे उष्णतेचं माप, आणि हा आकडा एसी खोलीतून तासाला किती उष्णता बाहेर टाकतो त्याचा आहे. उष्णता उपसायला, ती निर्माण करण्यापेक्षा बरीच कमी वीज लागते. (टन हा शब्दही बर्फाचा : 2000 पौंड बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तिचा ताशी हिस्सा 12,000 बीटीयू.) खर्चासाठी स्टार लेबल बघा. त्यावरची वार्षिक युनिटं 1600 तासांची असतात. तिथे 800 असेल तर सरासरी ताशी अर्धं युनिट. नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी मात्र कॉम्प्रेसर पूर्ण जोरानं चालतो. तेव्हा ताशी दीड युनिटाच्या आसपास धरा.