ऑफिस बंद, तरी मीटर चालूच

प्रश्न : आमच्या ऑफिसात ८ कॉम्प्युटर, एक लेसर आणि एक इंकजेट प्रिंटर, शिवाय गरम-गार पाण्याचा डिस्पेन्सर आहे. सगळे शटडाऊन करूनच निघतात. बोर्डावरची बटणंही बंद केली तर बिलात फरक पडेल का?

उत्तर : पडेल, पण आधी मोजा. सगळे निघाले की मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा बघा. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. समजा ३२०० आहे आणि दर १५ सेकंदांनी दिवा लागतो. ३६,००,००० (एका युनिटचे वॉट-सेकंद) भागिले (३२०० × १५), म्हणजे ७५ वॉट. वर्षात ३०० दिवस, रोज ८ तास ऑफिस चालत असेल, तर उरलेल्या ६३६० तासांत हे ४७७ युनिट होतात. आता एकेक बटण बंद करत जा. ज्यानं दिव्यातलं अंतर एकदम वाढेल, तिथं वीज जातेय.

बहुधा खरा वीजखाऊ डिस्पेन्सरच निघतो. कोणी पीत नसलं तरी तो रात्रभर पाणी तापवत आणि गार करत राहतो. हीटर अधूनमधून लागतो, म्हणून त्याचा हिशेब संध्याकाळच्या आणि सकाळच्या रीडिंगवरूनच करा. शटडाऊन केलेले कॉम्प्युटर त्यामानाने किरकोळ. लेसर प्रिंटर मात्र ‘रेडी’ असताना आतला रोलर गरम ठेवतो. त्याची स्लीपची वेळ कमी करा, दिवसाही वीज वाचेल.

इंकजेट थेट बोर्डावरून कधीही बंद करू नका. आधी त्याचं स्वतःचं बटण दाबा, शाई सोडणारं हेड जागेवर जाऊन आवाज थांबू द्या, मग बोर्ड. नाहीतर हेड उघडं राहतं, शाई वाळते आणि साफसफाईत वाचलेल्या विजेपेक्षा महाग शाई जाते.

राउटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डर) आणि हजेरीचं मशीन रात्रीही चालू राहावं म्हणून वेगळ्या बोर्डावर घ्या. त्या बटणांवर रंगीत टेप लावा.

प्रश्न : बोर्ड बंद केला की यूपीएस रात्रभर वाजत राहतो. का?

उत्तर : त्याला वाटतं लाईट गेली. तो बॅटरीवर जातो, आणि रोज अशी रिकामी झालेली बॅटरी लवकर मरते. आधी कॉम्प्युटर शटडाऊन, मग यूपीएसचं बटण, शेवटी बोर्ड. कॉम्प्युटर नुसता स्लीपमध्ये असेल तर सेव्ह न केलेलं काम जाईल. जुन्या कॉम्प्युटरचं घड्याळ सकाळी चुकलेलं दिसलं, तर वीज बंद असताना घड्याळ चालवणारा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला.