वाचकांचे प्रश्न : सिलिकॉन, गच्चीवरचे आणि ओट्यावरचे

प्रश्न : आमच्या सोसायटीने गच्चीवर सौर पॅनेल बसवले आहेत. पॅनेल वाळूतल्या सिलिकॉनपासून बनते, असे बसवणाऱ्याने सांगितले. आमच्या एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर आहे. मग इतका मुबलक पदार्थ महाग का पडतो? शिवाय मे महिन्यात ऊन कडक असूनही भर दुपारी वीज अपेक्षेपेक्षा कमी का मिळते? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे २८ टक्के सिलिकॉन आहे आणि त्याच्यापुढे फक्त ऑक्सिजनचा क्रमांक लागतो. मात्र या दोन मूलद्रव्यांचा बंध इतका घट्ट असतो की सुटा सिलिकॉन निसर्गात जवळजवळ सापडतच नाही. पारसिकच्या काळ्या कातळात वजनाने निम्म्याच्या आसपास सिलिका, म्हणजे सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे संयुग आहे, परंतु ती लोह, ॲल्युमिनियम, कॅल्शियम यांच्याबरोबर खनिजांत बांधलेली असल्याने सिलिकॉन काढण्यासाठी उपयोगाची नाही. त्यासाठी शुद्ध गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ लागते. ती कोळशाबरोबर विजेच्या भट्टीत सुमारे २,००० अंश सेल्सिअसला तापवली की कार्बन ऑक्सिजन ओढून घेतो आणि ९८-९९ टक्के शुद्ध सिलिकॉन उरतो.

पॅनेलला एवढी शुद्धता पुरत नाही आणि खरा खर्च येथून पुढे वाढतो. घन सिलिकॉन १,४१४ अंशांना वितळतो. त्याचे ऊर्ध्वपातन, म्हणजे उकळून वाफ पुन्हा थंड करणे, व्यवहार्य नसल्याने त्याची हायड्रोजन क्लोराइडशी अभिक्रिया घडवून ट्रायक्लोरोसिलेन हा द्रव तयार करतात. हा द्रव सुमारे ३२ अंशांना, म्हणजे ऐरोलीच्या साध्या दुपारच्या तापमानाला उकळतो, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा उकळून आणि थंड करून त्यातील अशुद्धी वेगळ्या काढता येतात. रसायनशास्त्रातील ही युक्ती मला फार मोलाची वाटते. त्या द्रवाच्या वाफेतून तापलेल्या कांड्यांवर सिलिकॉन पुन्हा जमवतात, तो वितळवून त्यातून एकसंध स्फटिक ओढतात आणि तारेच्या करवतीने त्याच्या मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहूनही पातळ चकत्या कापतात. शिवाय बोरॉन व फॉस्फरस यांचे अत्यल्प अणू त्यात मुद्दाम मिसळावे लागतात, कारण प्रकाशाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन एका दिशेने वाहावेत यासाठी लागणारी रचना त्यांच्यामुळेच तयार होते. १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सादर केलेला सिलिकॉनचा सौर घट (पॅनेल अशा अनेक घटांचे बनते) सुमारे ६ टक्के प्रकाशाचीच वीज करीत असे. आज बाजारातील चांगली पॅनेल २० टक्क्यांच्या पुढे आहेत आणि पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्तही झाली आहेत. तुमच्या सोसायटीच्या एकूण खर्चात इन्व्हर्टर, सांगाडा आणि मजुरी यांचाही मोठा वाटा असणार.

आता मे महिन्याबद्दल. पॅनेलवर लिहिलेली क्षमता घटाचे तापमान २५ अंश असताना मोजलेली असते. उन्हात पॅनेल सहज ६० अंशांपर्यंत तापते, आणि सिलिकॉन तापला की घटाचे व्होल्टेज घसरते. दर अंशामागे उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्के कमी होते. म्हणजे दहा ते चौदा टक्के उत्पादन केवळ उष्णतेमुळे कमी होते व तो बिघाड नव्हे. पॅनेलखालून वारा खेळता राहील एवढी जागा मोकळी ठेवा आणि काच सकाळी लवकर धुवा, तापलेली असताना नको.

प्रश्न : ओट्यासाठी कृत्रिम क्वार्ट्झची लादी घेत आहोत. तिच्यातील सिलिकामुळे धोका आहे का? (एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे)

उत्तर : बसवलेल्या लादीपासून तुम्हाला धोका नाही, धोका आहे तो ती कापणाऱ्या कारागिराला. अशा लादीत स्फटिकी सिलिका ९० टक्क्यांहूनही अधिक असू शकते, आणि कोरडी कापताना उडणारी तिची डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसात खोलवर जाऊन सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. याच कारणासाठी ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा लाद्यांचे उत्पादन, विक्री व बसवणूक यांवर बंदी घातली. तुम्ही लादी घेणारच असाल, तर मापे आधी देऊन ती कारखान्यातच, पाणी सोडून कापून आणण्याचा आग्रह धरा. घरी थोडे काम उरलेच, तर तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही, म्हणून कारागिराला घट्ट बसणारा एन-९५ मास्क स्वतः आणून द्या, आणि नंतर केरसुणी न फिरवता फरशी ओल्या फडक्याने पुसा.