बारावीनंतर नाटक आणि गाणं शिकायचं, तर धुळ्याहून कुठे जावं?

घरचे म्हणतात आधी बी.कॉम. कर, मग नाटक. तसंही चालतं: दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवी आणि नाटकांचा अनुभव दोन्ही लागतात. पण बारावीनंतर लगेच जायचं असेल, तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र बघ. तिथे संगीत, नृत्य आणि नाट्य या तिन्हींत पदवी मिळते. प्रवेश परीक्षा द्यावी लागते, नुसत्या टक्क्यांवर भागत नाही.

खरी तयारी त्या परीक्षेचीच. बहुतेक पोरं पाठ केलेलं गाजलेलं स्वगत घेऊन जातात आणि चार ओळींत परीक्षक कंटाळतात. तू अहिराणीत बोल. आजीची बोली, कानबाईची गाणी, गावातली वही (खानदेशी लोकगायन) ऐकत वाढलास ना? ही पुंजी पुण्या-मुंबईच्या पोरांकडे नाही. फक्त प्रमाण मराठीचे उच्चारही घासून ठेव, दोन्ही लागतील.

गाण्यासाठी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा घरी राहूनही देता येतात. प्रारंभिक ते विशारद सात पायऱ्या, त्यामुळे घाई करू नकोस. (बालगंधर्वही लहानपणी गाणं शिकायला जळगावातच होते, हे घरच्यांना जरूर सांग.)

इथेच कॉलेज केलंस, तर आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा ‘युवारंग’ हा युवक महोत्सव सोडू नकोस. मी तिथेच पहिल्यांदा प्रकाशयोजना शिकलो, तीही नटाची भूमिका हुकली म्हणून. आता पोट त्याच्यावरच चालतं.