बर्फ वितळताना उगवणारी अळंबी खानापूर-जांबोटीच्या जंगलात मिळेल का?

नाही मिळणार. व्हिडिओत बर्फाच्या कडेला दिसलेली, मेंदूसारख्या वळ्यांची तपकिरी अळंबी बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडे थंडीत शोधावी का, असं तुम्ही विचारलंय. आपल्याकडे धुकं पडतं, दव पडतं, पण तिला नुसता गारठा पुरत नाही.

वर्णनावरून ती जायरोमित्रा मोंटाना वाटते. पश्चिम अमेरिकेच्या डोंगरांत, देवदार-पाइनसारख्या झाडांखाली येते. तिथला उन्हाळा कोरडा असतो. बर्फ गेला की माती सुकायला लागते, त्यामुळे अळंबीला मधले थोडेच दिवस मिळतात. जाड बर्फ गोधडीसारखा असतो, त्याच्याखाली माती शून्य अंशाच्या आसपास राहते आणि बुरशीचे धागे तग धरतात. कडेचा बर्फ वितळून पाणी मुरलं, ऊन लागलं, की अळंबी वर येते. कधी कधी उरलेल्या पातळ बर्फाला भोक पाडूनही. डब्ल्यू. बी. कुक या बुरशीतज्ज्ञांनी १९५५ साली अशा बुरशींवर लेखही लिहिला होता.

व्हिडिओत कुणी ती तळून खात असेल तर खुशाल बघा, अनुकरण नको. हिच्या जवळच्या जातींत जायरोमित्रिन हे विष असतं. पोटात गेल्यावर त्यातून रॉकेटच्या इंधनात वापरतात तसलं रसायन तयार होतं. उकळताना निघणारी वाफसुद्धा बाधते. हिमाचल-काश्मीरची गुच्छी ही खाण्याची अळंबी वेगळी. ती उभी चिरली तर टोपीपासून देठापर्यंत एकच पोकळी दिसते, जायरोमित्रात आत घड्या आणि कप्पे असतात. गुच्छीही कच्ची खायची नसते.

आपल्याकडे बर्फाचं काम पाऊस करतो. खानापूर भागातली खाण्याची अळंबी पावसाळ्यात वारुळातून येते. वाळवी आत चावलेल्या पालापाचोळ्यावर ही बुरशी पोसते, म्हणून देठ मुळासारखा खोल वारुळात गेलेला असतो. पेंढ्यावर लावून ही उगवत नाही, धिंगरीसारखी नाही ती. तेव्हा थंडीत भटकण्यापेक्षा पावसाळ्यात या, आणि माहितगार गाववाल्या मावशींकडूनच घ्या. स्वतः उपटून ओळखायच्या भानगडीत पडू नका. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर काहीच उपटायचं नसतं. घेतलेली त्याच दिवशी नीट शिजवा, दुसऱ्या दिवशी तिला अळ्या लागतात.