चुलीसाठी सरपण निवडताना

चूल नव्यानेच मांडली असेल, तर लाकडाच्या जातीआधी त्याचे वाळलेपण पाहावे. दोन लाकडे एकमेकांवर आपटल्यावर खणखणीत आवाज आला आणि टोकांना चिरा दिसल्या, तरच ती जळणाजोगी समजावीत. ओल्या लाकडाची बरीचशी धग आतले पाणी आटवण्यातच जाते, आणि धूर डोळ्यांत जातो तो वेगळाच. भाकरीसाठी व थंडीत शेकण्यासाठी मी बाभळीलाच पसंती देईन, कारण तिचे निखारे बराच वेळ धग धरतात (काट्यांनी बोटे रक्ताळतात, तेवढे सोसावे), तर पांगारा, शेवगा भुरकन जळून जातात. पेटवणाला तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) किंवा पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) उत्तम. कण्हेर आणि बिब्बा मात्र चुलीत घालूच नयेत. त्यांचा धूर अपायकारक असतो. रात्री बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपू नये.